सरकती खिडकी आणि साचलेलं पाणी

एसटीच्या लाल डब्यातून प्रवास केलेल्या प्रत्येकाने सरकत्या काचेशी एकदा तरी झटापट केलेली असते. पावसाची सर येते. काच ओढावी तर हलत नाही. दोन्ही अंगठे लावून जोर केला की चार बोटं सरकते आणि तिथेच रुतून बसते. मग मागच्या सीटवरचा कोणी धट्टाकट्टा गृहस्थ उठतो, हात लावतो आणि काच एकदाची बंद होते तोवर सर गेलेली असते. बसमध्ये या सगळ्याची किंमत म्हणजे एक ओला खांदा. दर्यावर तीच काच रुतली तर किंमत बरीच वाढते. मच्छीमार बोटीच्या केबिनमध्ये सुकाणूच्या पुढ्यात वायरलेस असतो, जीपीएस असतो, माशांचा थवा दाखवणारं यंत्र असतं आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या वायरी असतात. खिडकी वेळेवर बंद झाली नाही आणि खाऱ्या पाण्याचा एक तांब्या त्यांवर पडला, तर किनाऱ्याशी बोलणं आणि वाट शोधणं दोन्ही एकदम बंद. उलट खिडकी बंद आहे आणि उघडतच नाही, हेही तितकंच वाईट. बोट कलंडली आणि दाराकडे जाता आलं नाही, तर बाहेर पडायला तेवढी खिडकीच उरते.

मी ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो. आधी इमारतींच्या करत होतो, मग बोटींच्याही करू लागलो. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांत आज नांगरलेल्या बोटी पाहिल्या तर प्लायच्या किंवा फायबरच्या केबिनला सरकत्या काचा दिसतात. पूर्वी लाकडी झडपा असायच्या, वर उचलून काठीने टेकू द्यायच्या. सरकती खिडकी आली ती सोयीची म्हणून. बिजागरीची झडप उघडी ठेवली की बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला आपटते आणि केबिनच्या बाजूने जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेत खलाशाच्या कपाळावर बसते. सरकती काच जागा अडवत नाही, हवी तेवढीच उघडता येते. तांडेलाला पुढे जाळ्यावर असलेल्या माणसांना हाक मारायची असते, त्यांची हाक ऐकायची असते. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतल्या पाचव्या नियमात पहारा डोळ्यांनी आणि कानांनीही ठेवावा असं म्हटलं आहे. दाट धुक्यात मोठ्या जहाजाचा भोंगा ऐकू यायचा तर खिडकी उघडता आली पाहिजे.

पण या सोयीतच एक अडचण आहे. जी वस्तू सरकायची आहे ती घट्ट बसवता येत नाही. सरकायला फट लागते आणि फट असली की पाणी येणारच. म्हणून सरकत्या खिडकीची रचनाच वेगळ्या विचाराने केलेली असते, आणि हा विचार कळला की तिच्या देखभालीतलं नव्वद टक्के कळलं असं समजा. ही खिडकी पाणी अडवत नाही. ती पाण्याला खालच्या ट्रॅकमध्ये येऊ देते आणि तिथून परत बाहेर पाठवते. ट्रॅक म्हणजे ज्यात तावदान सरकतं ती खालची खाच. घराच्या कौलांना जशी पन्हळ असते तशीच ही पन्हळ. तिच्या बाहेरच्या भिंतीला तळाशी छोटी भोकं किंवा लांबट चिरा पाडलेल्या असतात. काचेवरून ओघळलेलं, फटीतून शिरलेलं पाणी ट्रॅकमध्ये उतरतं आणि त्या भोकांतून बाहेर जातं. ट्रॅकची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असते, ती याचसाठी.

एका नाखव्यांनी एकदा बोलावलं होतं. खिडक्या दुसऱ्या कोणी बसवलेल्या. ते म्हणाले, “मिस्त्री, या खिडक्यांना खालनं भोकं होती. त्यातनं पाणी यायचं, म्हणून पोरांनी सिलिकॉन भरून टाकलं. तरी पाणी येतंच आहे. उलट जास्त येतंय.” मी खिडकीच्या खालच्या प्लायवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग शाबूत, आत नुसता भुसा. सुरीच्या टोकाने सिलिकॉन काढलं तेव्हा ट्रॅकमधून काळपट पाणी वाहायला लागलं, त्यात शंख, रेती, माशांचे खवले, विडीची थोटकं. पोरांचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. त्यांनी वादळी वाऱ्यात भोकातून पाणी उसळून आत येताना पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं कोण खोटं म्हणेल? पण ते पाणी का येतं हे कळलं असतं तर त्यांनी भोकं बुजवली नसती.

वारा खिडकीवर आपटतो तेव्हा तो काचेला आत ढकलत असतो. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजता येतो. वारा ताशी ५० किलोमीटरचा असेल तर त्याचा दाब साधारण १२ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराइतका असतो. वारा ताशी ७५ किलोमीटर झाला तर १८ नव्हे, २६ मिलिमीटर, कारण वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. याचा अर्थ असा की एवढ्या वाऱ्यात ट्रॅकमध्ये अडीच सेंटिमीटर पाणी चढेपर्यंत भोकातून थेंबही बाहेर जाणार नाही, वाराच त्याला थोपवून धरील. आणि ट्रॅकची आतली कड त्यापेक्षा बुटकी असेल तर पाणी तिच्यावरून केबिनमध्ये उतरेल. इमारतीसाठी बनवलेले स्वस्तातले सेक्शन बोटीला लावले जातात, त्यांची आतली कड एकदा पट्टीने मोजून पाहा. दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ती खिडकी पहिल्या मोठ्या वाऱ्यात गळणार हे ठरलेलंच. अशा वेळी आतल्या कडेवर ॲल्युमिनियमची एक उभी पट्टी चढवून, सांधा सिलिकॉनने बंद करून उंची वाढवता येते. तावदान बाहेर काढता येण्यापुरती जागा मात्र सोडायला हवी.

याला आणखी एक गोष्ट हातभार लावते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद केली जाते आणि पलीकडचं, वाऱ्याआडचं दार मात्र हवेसाठी सताड उघडं असतं. त्या दारातून केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते, आतला दाब कमी होतो आणि खिडकीतून पाणी आणखी जोराने आत येतं. मुसळधार पावसात आणि वाऱ्यात ते दार लोटून घेतलं, कडी न लावता नुसतं लोटलं, तरी खिडकीची गळती निम्म्यावर आल्याचं मी पाहिलं आहे. त्यासाठी दमडीचाही खर्च नाही.

भोकांचं म्हणाल तर ती बारीक असून चालत नाहीत. ३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडलेलं गोल भोक दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पाण्याला स्वतःची एक त्वचा असते. एवढ्या भोकाच्या तोंडावर ती ताणून बसते आणि मागे जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी साचेपर्यंत फुटत नाही. वर त्यात मिठाचा एक खडा अडकला की संपलंच. भोक किमान ८ मिलिमीटरचं असावं, त्याहून चांगली म्हणजे बोटभर लांबीची आडवी चीर. बाहेरून तिच्यावर रबराची छोटी झडप किंवा ॲल्युमिनियमची वाकवलेली टोपी लावली तर वारा सरळ आत घुसत नाही आणि पाणी मात्र खाली पडतं.

ती कुठे पाडायची, हाही प्रश्न आहे. इमारत हलत नाही. बोट हलते, आणि नुसती डोलत नाही तर तिची बैठकच बदलते. रिकामी बोट नाळेकडे उचललेली असते, तेव्हा खिडकीतलं पाणी मागच्या कोपऱ्यात जमतं. डिझेल, बर्फ आणि मासळी भरली की बैठक बदलते आणि तेच पाणी दुसऱ्या टोकाला जातं. कारागीर खिडकी बसवतो ती बोट किनाऱ्यावर असताना, त्या दिवशी ती जशी उभी असेल तशी. म्हणून ट्रॅकच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी भोकं हवीत. ट्रॅक दोन असतील, म्हणजे दोन तावदानं एकमेकांमागे सरकत असतील, तर आतल्या ट्रॅकमधून बाहेरच्या ट्रॅकमध्ये पाणी यायलाही वाट हवी. ही आतली भोकं कारागीर हमखास विसरतात. बाहेरून भोकं दिसतात, गिऱ्हाईक खूश, आणि आतल्या ट्रॅकचं पाणी महिनोन्महिने तिथेच.

आता काच रुतते का, ते पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ट्रॅकमध्ये पाव लिटर पाणी साचून सुकलं तर मागे नऊ ग्रॅम मीठ राहतं, म्हणजे घरातला दीड चमचा. एका फेरीत दोनतीनदा हे घडतं. पण मीठ नुसतं बसून राहत नाही. शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कोरड्या हवेतही ओलावा धरतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणाच्या हवेत मीठ बसलेला ट्रॅक पूर्णपणे वाळतच नाही. त्या खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जागोजागी फुटतो, बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड तयार होते. ही पूड ज्या धातूपासून होते त्याच्यापेक्षा जास्त जागा व्यापते. म्हणजे ट्रॅक आतून फुगत जातो आणि तावदानाला चिमटीत धरतो. लोक म्हणतात काच फुगली. काच कुठली फुगते!

ज्या बोटींना ॲल्युमिनियमच्या चौकटीचं तावदान नसून नुसती काच मखमल लावलेल्या चॅनलमध्ये सरकते, तिथे त्रास आणखी. हे चॅनल जीप-बसच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. मखमलीच्या आत आकार धरून ठेवायला लोखंडी पत्र्याचा गाभा असतो. बसमध्ये तो बरीच वर्षं टिकतो. बोटीवर मखमल मीठपाणी धरून ठेवते, गाभा गंजून फुगतो आणि काच अशी आवळतो की ती फोडूनच काढावी लागते. चॅनल विकत घेताना टोकाकडून कापलेला भाग पाहा आणि चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर ते बोटीसाठी नाही. प्लास्टिकच्या किंवा रबराच्या गाभ्याचं मिळतं, थोडं महाग पडतं, पण तेच घ्यावं. तावदानाच्या कडेला जो केसाळ ब्रश असतो, त्याचीही जाडी वेगवेगळी असते. अंदाजाने आणू नये. जुन्याचा वीतभर तुकडा खिशात घालून दुकानात जावं.

रुतलेल्या खिडकीला हातोडी दाखवण्याची घाई करू नये. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला दुसरं औषध लागत नाही. ट्रॅकमध्ये कोमट गोडं पाणी ओतावं, अर्धा तास थांबावं, परत ओतावं. मग तावदान ओढण्याऐवजी आधी जागच्या जागी किंचित मागेपुढे हलवावं, खालच्या कोपऱ्यात लाकडी पाचर धरून. नव्वद टक्के खिडक्या एवढ्यावर सुटतात. सुटली की जुन्या दातघाशीने ट्रॅक घासावा, बांबूच्या काडीने कोपरे आणि भोकं साफ करावीत. लोखंडी काटकी किंवा तारेचा ब्रश वापरू नये. त्याने ॲल्युमिनियमवरचा थर खरवडला जातो, शिवाय लोखंडाचे कण अडकून राहतात आणि तिथूनच खाणं सुरू होतं.

वंगणाबद्दल आपल्याकडे एकमत आहे ते खोबरेल तेलावर. कोकणात दाराच्या बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच. खिडकीला मात्र नको. आठ दिवस काच लोण्यासारखी सरकते, मग तेलात रेती आणि धूळ बसून त्याचा चिकट लगदा होतो आणि झुरळांची सोय होते. इंजिनाचं ऑइल आणि ग्रीस रबराला फुगवतं. साधी पांढरी मेणबत्ती ट्रॅकच्या कडेवर, तावदान जिथे घासतं तिथे, चार वेळा घासली तर पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर कोरडा सिलिकॉन स्प्रे मिळतो. तावदानाच्या तळाशी चाकं असतात, आम्ही त्याला बेअरिंग म्हणतो, ती नायलॉनची घ्यावीत आणि त्यांचा आस स्टेनलेसचा आहे ना ते पाहावं. घरासाठी मिळणाऱ्या चाकांत पोलादी गोळ्या असतात. त्या एका हंगामात गंजतात, चाक फिरायचं थांबतं आणि ट्रॅकमध्ये करवतीसारखं घासत राहतं.

आणि या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे दर फेरीनंतर खिडकीवरून गोडं पाणी ओतणं. बोटीवर गोडं पाणी जपून वापरतात, हे मला माहीत आहे. पण एका खिडकीला दोन तांबे पुरतात, बंदरात आल्यावर तेवढं मिळतं. काचेवरून ओता म्हणजे ते आपोआप ट्रॅकमधून जाईल आणि भोकं उघडी आहेत की नाहीत हेही कळेल.

काचेऐवजी हल्ली बरेच जण ॲक्रिलिक लावतात. ते वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी, आणि बोटीवर उंचावरचं वजन जितकं कमी तितकं बरं. पण त्याच्या दोन खोडी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे ते उन्हाने फार वाढतं. थंडीतली पहाट आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेली चौकट यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने एक मीटर लांबीचं ॲक्रिलिक जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतं. ॲल्युमिनियमची चौकट १ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि काच अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून काचेच्या मापाने कापलेलं ॲक्रिलिक डिसेंबरमध्ये खडखडतं आणि मेमध्ये जाम होतं. दुसरी खोडी चरे पडण्याची. मिठाचे कण बसलेलं ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश-कागदाने घासणं. आधी भरपूर पाणी, मग साबणाच्या पाण्याचा मऊ बोळा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट आणि काचा पुसायचं अमोनिया असलेलं निळं द्रावण याला कधीही लावू नये. त्याने आतल्या आत केसासारख्या भेगा पडतात. दिवसा त्या दिसत नाहीत. रात्री समोरून दुसऱ्या बोटीचा दिवा आला की अख्खी खिडकी जाळीसारखी चमकते आणि दिवा नेमका कुठे आहे तेच समजत नाही. सुकाणूपुढच्या खिडकीसाठी म्हणूनच मी काच सुचवतो, तीही टफन्ड. ती साध्या काचेपेक्षा चारपाच पटींनी मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट खडे होतात. ती नंतर कापता येत नाही, तेव्हा माप आधी नीट घ्यावं, आणि तिची कड कुठेही धातूला टेकू देऊ नये, कारण तिचा सगळा नाजूकपणा कडेत असतो. त्या काचेवर काळी फिल्म लावायची हौस कोणी करू नये.

चौकटीच्या स्क्रूंबद्दल थोडक्यात. पितळी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये नको, खाऱ्या पाण्यात तो भोवतालचं ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. स्टेनलेस घ्या आणि तोही ३१६ नंबरचा. त्यात दोनतीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे टिकाव धरतं. बाजारात ३०४ आणि २०२ सर्रास ३१६ म्हणून गळ्यात मारतात, आणि चुंबक लावून हा फरक कळत नाही, तेव्हा विश्वासाच्या दुकानातून घेणं हाच मार्ग. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर घालावा. सीलंट आंबूस, शिरक्यासारख्या वासाचं असेल तर ते धातूला बाधतं. न्यूट्रल असं लिहिलेलं घ्यावं.

खिडकी गळते म्हणजे नक्की कुठून गळते, हे शोधणं हा या कामातला सगळ्यात मजेचा भाग. प्लायवर डाग दिसतो तिथे गळती नसतेच. पाणी चौकटीच्या मागून दोन-दोन फूट प्रवास करून सोयीच्या जागी बाहेर येतं. मी आधी बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावतो. खारट लागला तर तो समुद्राचा असेल किंवा ट्रॅकमधलं मीठ घेऊन आलेला पावसाचाही असेल. पण अगदी गोडा लागला, तर तो पुष्कळदा गळतीचा नसतोच. थंडीत चारपाच माणसं बंद केबिनमध्ये झोपली की त्यांच्या श्वासाचा दमटपणा पहाटे गार ॲल्युमिनियमवर थेंब होऊन उतरतो. त्यावर इलाज म्हणजे खिडकी दोन बोटं उघडी ठेवणं.

खरी गळती असेल तर निचऱ्याची भोकं बाहेरून चिकटपट्टीने बंद करावीत आणि ट्रॅकमध्ये आतल्या कडेच्या जरा खालपर्यंत पाणी भरावं. पेन्सिलीने खूण करून चहा प्यायला जावं. परत आल्यावर पाणी उतरलेलं दिसलं तर ट्रॅकचा कोपऱ्यातला सांधा उघडा आहे. चौकटीचे चार तुकडे कोपऱ्यात जोडलेले असतात आणि हेलकाव्यांनी पहिल्यांदा सुटतात ते खालचे दोन सांधे. तो कोपरा वाळवून आतून बंद करावा. पाणी उतरलं नसेल तर चिकटपट्टी काढून पाइपाने बाहेरून पाणी मारावं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला हवा. कुठे सापडलं हे पक्कं होईपर्यंत सीलंटच्या नळीला हात लावू नये. जिथे तिथे थापलेलं सिलिकॉन पुढच्या कारागिराची डोकेदुखी असते, कारण एकदा ते लागलं की त्या जागी ना रंग धरत ना दुसरं सीलंट.

शेवटी पावसाळ्याबद्दल, कारण खिडक्यांचं सगळ्यात जास्त नुकसान बोट समुद्रात असताना होत नाही. १ जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी वर ओढतात, शाकारतात. लाकूड खाऱ्या पाण्याने फारसं कुजत नाही, मिठात बुरशी वाढत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. जुने लोक बोटीच्या लाकडांत मीठ भरून ठेवत, ते उगीच नव्हे. आता बोट किनाऱ्यावर ओंडक्यांवर टेकवली की ती जराशी एका अंगाला कललेली राहते. समुद्रावर ज्या कोपऱ्यातून पाणी जात होतं तो कोपरा आता वर येतो. भोकं उघडी असूनही ट्रॅक दोन महिने काठोकाठ भरलेला राहतो आणि सैल सांध्यातून थेंब थेंब गोडं पाणी प्लायमध्ये मुरतं. आयएस ७१० मार्कचं मरीन प्लाय असलं तरी कापलेल्या कडेतून ते पाणी पितं. हंगामाच्या सुरुवातीला रंग मारताना कोणाच्या लक्षात येत नाही, आणि भाद्रपदात एखादी मोठी लाट केबिनवर बसते तेव्हा चौकट स्क्रूंसकट हातात येते.

म्हणून बोट वर घेतली की त्याच दिवशी तावदानं वर उचलून ट्रॅकमधून काढून घ्यावीत. सरकत्या खिडकीचा हा मोठा फायदा आहे. ती धुवून, वाळवून, मध्ये वर्तमानपत्र घालून घरात उभी ठेवावीत, आडवी नकोत. उघड्या चौकटीवर बाहेरून ताडपत्री अशी बांधावी की खालची कड मोकळी राहील आणि हवा खेळेल. ताडपत्री करकचून बांधून केबिन सीलबंद केली तर आत घाम धरतो आणि व्हायचं तेच होतं. काढणं शक्य नसेल तर निदान बोट कुठल्या अंगाला कलली आहे ते पाहून खालच्या कोपऱ्यात नवं भोक पाडून घ्यावं. हंगामात ते तसंच राहिलं तरी बिघडत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी तावदानं परत बसवताना प्रत्येक खिडकी एका हाताने उघडते का ते पाहावं, दोन्ही बाजूंची निदान एकेक तरी. मागच्या वर्षी गळते म्हणून कोणी स्क्रू मारून कायमची बंद केली असेल तर तो स्क्रू आधी काढावा. मग बोट पाण्यात उतरली, बर्फ आणि डिझेल भरून झालं, की निघण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओतावं. मिनिटभरात ते सगळं बाहेर पडलं पाहिजे. कुठे साचून राहिलं तर ड्रिल बंदरातच मिळतं, पुढे नाही.